सहा वर्षांच्या मुलाच्या आतड्यात आणि यकृतात बुरशीचा संसर्ग : अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा

अबोली

माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. काही महिन्यांपासून त्याचं पोट अधूनमधून दुखायचं, संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरत चाललं होतं. सोनोग्राफीत पोटाच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. आतड्याचा क्षयरोग समजून औषधं सुरू झाली, पण गाठ वाढतच राहिली. मग सीटी स्कॅन झाला आणि 'लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) असू शकतो' असं सांगण्यात आलं. शेवटी ऑपरेशन करून मोठ्या आतड्याचा तुकडा आणि त्याला चिकटलेली गाठ काढली. यकृतात एक डाग आहे, त्याला हात लावलेला नाही.

बायोप्सीच्या अहवालात कॅन्सर नाही हे वाचून बहिणीला रडू आवरेना. त्याच्याच खाली बॅसिडिओबोलस नावाच्या बुरशीचा संसर्ग, असं लिहिलं होतं. हे नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं. त्याला बघणाऱ्या सर्जननेही हा त्यांचा पहिलाच रुग्ण असल्याचं स्पष्ट सांगितलं. खरं बोलले म्हणून मला ते आवडले, पण भीतीही वाटली.

आता इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू आहे आणि ते बरेच महिने चालेल म्हणतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतका लांबचा औषधोपचार कोणी मुलाच्या बाबतीत पार पाडला आहे का, आणि औषध थांबवायची वेळ आली हे कशावरून ठरतं? दुसरं म्हणजे, भाचा सारखे प्रश्न विचारतो. सहा वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगायचं? घरात दोन तट पडले आहेत.

उपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने चालू राहतील. इथे अनुभव हवे आहेत.

चिमणी

अबोली, वाचून पोटात गोळा आला. बाळाला लवकर आराम पडो. मला माहिती काहीच नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवते.

शंकासुर

२०२१ मध्ये कोविडनंतर जी काळी बुरशी गाजली होती, तीच का ही? तेव्हा डोळे, जबडे काढावे लागल्याच्या बातम्या वाचल्या होत्या.

काचपट्टी

नाही, आणि हा फरक घरच्यांना नीट कळायला हवा, कारण नातेवाईक नेमकी तीच भीती घालतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. २०२१ची ती म्युकरमायकोसिस. ती बहुतेक वेळा अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना गाठते, रक्तवाहिन्यांत शिरते आणि काही दिवसांत पसरते. बॅसिडिओबोलसही पूर्वी त्याच मोठ्या गटात धरत. स्लाइडवर दोन्हींचे तंतू रुंद आणि पातळ भिंतींचे दिसतात, त्यामुळे नावांची सरमिसळ होते. वागणं मात्र अगदी वेगळं. ही बुरशी सावकाश वाढते, रक्तवाहिन्यांत सहसा घुसत नाही आणि चांगल्या धडधाकट मुलांनाही होते. तिचा ओळखीचा प्रकार कातडीखालचा आहे. मांडी, कुल्हा, दंड अशा जागी टणक सूज येते, आणि दक्षिण भारतात, आफ्रिकेत, इंडोनेशियात असे रुग्ण पूर्वीपासून दिसत आले आहेत. माणसातला पहिला रुग्ण १९५६ मध्ये इंडोनेशियातून नोंदवला गेला. पोटातला प्रकार दुर्मीळ. त्याची पहिली नोंद १९६४ची, नायजेरियातल्या एका मुलाची.

स्लाइडवर दिसतं ते असं : बुरशीचा तंतू, त्याभोवती गुलाबी रंगाचं जाड वलय आणि बाहेर इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा गराडा. त्या वलयाला स्प्लेंडोर-होप्ली म्हणतात. ते दुसऱ्या काही आजारांतही दिसतं, पण मुलाच्या पोटातली गाठ, इओसिनोफिल आणि हे वलय एकत्र आले की मी तरी आधी बॅसिडिओबोलस शोधते.

दर्यावर्दी

माहिती उत्तम, पण मला राहवत नाही. लहान मूल कित्येक आठवडे क्षयरोगाची औषधं खात राहिलं, जो रोग त्याला नव्हताच. गाठ वाढतेय हे दिसत असतानाही. याबद्दल कोणी जाब विचारणार की नाही? आपल्याकडे पेशंटचे नातेवाईक हात जोडून उभे राहतात, म्हणून हे असंच चालतं.

काचपट्टी

दर्यावर्दी, राग समजतो. तरीही एक बाजू मांडते.

पोटात उजवीकडे गाठ, ताप, वजन कमी होणं हे चित्र आतड्याच्या क्षयरोगात दिसतं, क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ सुजेच्या आजारात दिसतं, लिम्फोमातही दिसतं. यातला क्षयरोग सर्वांत जास्त आढळणारा आणि औषधांनी बरा होणारा, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो. दुर्बिणीतून घेतलेला चिमूटभर तुकडा आतड्याच्या आतल्या अस्तराचा असतो, आणि ही बुरशी बऱ्याचदा त्याखालच्या थरांत, स्नायूंच्या भिंतीत बसलेली असते. वरचा तुकडा 'सूज आहे, विशेष काही नाही' असा परत येतो.

क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलेले रुग्णही असतात. ते जास्त वाईट, कारण स्टेरॉइडने बुरशीला मोकळं रान मिळतं. या मुलाच्या बाबतीत ते झालं नाही, हे चांगलं.

दर्यावर्दी

पटलं, पण पूर्ण नाही. अबोली, जुन्या रक्त तपासण्या हाताशी असतील तर इओसिनोफिल किती होते ते बघाल का?

अबोली

बघितलं. ऑपरेशनच्या आधीच्या सगळ्या अहवालांत ते वाढलेलेच आहेत. एकदा जंतांचं औषध दिलं होतं त्यावर. नंतर त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

दर्यावर्दी

मला हेच म्हणायचं होतं. आकडा कागदावर होता.

काचपट्टी

हो, तिथे थांबून विचार व्हायला हवा होता. इओसिनोफिल वाढले की जंत आणि ॲलर्जी ही दोन कारणं आधी मनात येतात, आणि बहुतेकदा तीच असतात. पण जंतांच्या औषधानंतरही आकडा उतरला नाही आणि पोटात गाठ आहे, तर क्षयरोगाच्या निदानावर पुन्हा प्रश्न उभा करायला हवा. आतड्याच्या क्षयरोगात इओसिनोफिल इतके वाढणं नेहमीचं नाही. माझ्या मते या धाग्यावरून कोणी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

आणखी एक विचारते. ऑपरेशनच्या वेळी काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला का, की थोडा सलाइनमध्ये वेगळा ठेवला होता? फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग तिचं कल्चर होत नाही. ताजा तुकडा, फार न चेचता, मायक्रोबायोलॉजीला मिळाला तरच ती प्लेटवर उगवते आणि नक्की जात कळते. ज्यांच्या मुलांची अशी अनोळखी गाठ काढायची आहे, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारावं : थोडा भाग सलाइनमध्ये कल्चरसाठी जाणार ना? हा प्रश्न विचारण्यात काहीच आगाऊपणा नाही.

अबोली

सगळा फॉर्मलिनमध्येच गेला. कॅन्सर धरूनच ऑपरेशन झालं होतं.

काचपट्टी

हरकत नाही. तपासणीसाठी तुकडा ज्यात बसवतात त्या मेणाच्या ब्लॉकमधूनही डीएनए काढून ओळख पटवायचा प्रयत्न करता येतो. यश दर वेळी येतं असं नाही, पण ब्लॉक मागून घेऊन मोठ्या केंद्रात दुसरं मत जरूर घ्या.

गवतफुला

अबोलीताई, ॲलोपॅथीच्या जोडीला प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींची चूर्णं सुरू करा. शरीर आतून मजबूत झालं की बुरशी टिकत नाही. माझ्या परिचयातल्या एका मुलाला जुनाट खोकल्यात खूप फरक पडला होता. इतकी तीव्र औषधं इतक्या कोवळ्या यकृताला झेपतील का, याची काळजी वाटते.

मात्रा

गवतफुला, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे मी ठामपणे 'नको' म्हणेन. मी फार्मासिस्ट आहे, रुग्णालयात काम करते.

इट्राकोनॅझोल आणि त्याच गटातलं व्होरिकोनॅझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमांवर अवलंबून असतात, त्यांच्यावर बऱ्याच वनस्पतींचा परिणाम होतो. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतली तर व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी कोसळते, हे सिद्ध झालेलं आहे. दुसरं, या मुलाच्या यकृताची दर काही आठवड्यांनी तपासणी होणार. त्यात यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले तर ते बुरशीमुळे, औषधामुळे की चूर्णामुळे, हे कोणाला सांगता येणार नाही आणि नाइलाजाने चालू असलेलं औषध थांबवावं लागेल. शिवाय त्याची प्रतिकारशक्ती मुळात कमी आहे असं कोणी म्हटलेलं नाही.

अबोली, आता तुमच्यासाठी. क्षयरोगाच्या औषधांत रिफॅम्पिसिन असणारच. ते कधी बंद झालं? ते इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल या दोन्हींची पातळी जवळजवळ शून्यावर आणू शकतं, आणि बंद केल्यानंतरही त्याचा परिणाम साधारण दोन आठवडे रेंगाळतो. इट्राकोनॅझोल कॅप्सूल आहे की पातळ औषध? कॅप्सूल भरल्या पोटी द्यायची असते, तिला पोटात आम्ल लागतं. पातळ औषध उपाशी पोटी. आणि ऑपरेशननंतर ॲसिडिटीचं काही चालू आहे का? असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही.

रक्तातली पातळी मोजली आहे का, हे नक्की विचारा. मुलांच्या बाबतीत तोंडी डोस किती दिला यापेक्षा रक्तात किती पोचलं हे महत्त्वाचं.

अबोली

मात्रा, रिफॅम्पिसिन ऑपरेशनच्या दिवशीच बंद केलं. कॅप्सूल आहे, उघडून जेवणासोबत देतात. आणि हो, ॲसिडिटीचं औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे! पातळीबद्दल कोणी बोललं नाही. उद्याच विचारते.

गवतफुला

मात्रा, एन्झाइमांचं हे मला माहीत नव्हतं. समजावून सांगितल्याबद्दल आभार. अबोलीताई, चूर्णं राहू द्या.

ओढ्याकाठी

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि ही बुरशी माझ्या आवडत्या जिवांपैकी आहे. एका मुलाच्या आजारपणाच्या धाग्यावर हे म्हणताना जरा संकोच वाटतो, पण ती राहते कुठे हे कळलं तर भीती थोडी कमी होईल.

१८८६ मध्ये आयडाम या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, बेडकांच्या संदर्भात. 'बॅसिडिओबोलस रॅनारम' या पूर्ण नावातलं 'रॅनारम' तिथूनच आलं. बेडूक, भेक, पाली, सरडे यांच्या आतड्यात ती त्यांना काहीही त्रास न देता राहते. विष्ठेतून बाहेर आली की दांडीच्या टोकाशी दाब तयार करून आपला बीजाणू दूर फेकते. तो किड्याला चिकटतो, किड्याला पाल किंवा बेडूक खातो आणि चक्र पुन्हा सुरू. माती आणि कुजणारा पाचोळा इथेही ती सापडते.

म्हणजे ती जगात भरपूर आहे आणि असंख्य मुलं तिच्या संपर्कात येऊनही ठणठणीत असतात. माणसाच्या पोटात ती दूषित माती किंवा अन्नातून जात असावी असं मानतात. माणसाकडून माणसाला मात्र लागत नाही. घरात भावंड असेल तर त्याला वेगळं ठेवू नका, एका ताटात जेवू द्या.

चिमणी

बापरे, मग मुलांना मातीत खेळू द्यायचंच नाही का? आमच्या बागेत भेक असतात. उद्यापासून बंद!

ओढ्याकाठी

बंद कशाला? खेळून आल्यावर साबणाने हात धुवायचे, नखं कापलेली ठेवायची, माती तोंडात जाऊ द्यायची नाही. इतकं पुरे.

उत्तरायण

ओढ्याकाठी, बहुतेक मुलांसाठी हे बरोबर आहे, सगळ्यांसाठी नाही. माझ्या मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज आहे. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात पण आतमध्ये मारू शकत नाहीत. जन्मजात दोष, बहुतेकदा आईकडून मुलग्यात येणारा. तो लहान असताना सुकलेल्या पानांच्या ढिगात खेळला आणि काही दिवसांत धाप लागून दवाखान्यात. फुफ्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी निघाली. अशा मुलांसाठी कुजणारा पाचोळा, खताचा ढीग, जुनं गवत हे खरोखरच धोक्याचं. आमच्याकडे ते पूर्ण बंद आहे आणि बुरशीविरोधी औषध प्रतिबंध म्हणून रोज चालू असतं.

हे सांगायचं कारण असं, की एखाद्या मुलाच्या आतल्या अवयवात बुरशी निघाली तर 'याच मुलाला का' हा प्रश्न डॉक्टरांनी एकदा तरी घ्यायला हवा. आमचं निदान डीएचआर नावाच्या रक्ततपासणीने झालं. थोडंसं रक्त लागतं, बाकी काही नाही. अबोली, भाच्याची झाली आहे का?

काचपट्टी

उत्तरायण यांना अनुमोदन. बॅसिडिओबोलसची बहुतेक मुलं प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने नॉर्मलच निघतात, त्यामुळे घाबरू नका. पण तपासून नॉर्मल आहे हे माहीत असणं चांगलं.

नीलमोहर

आमची बुरशी वेगळी, वाट मात्र ओळखीची. मुलीला ल्युकेमिया होता. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी तळाला गेल्या तेव्हा ताप, आणि पेशी वर यायला लागल्या तरी ताप उतरेना. सगळ्यांना वाटत होतं की आता सुटलो. सीटीमध्ये यकृत आणि प्लीहा यांच्यात बारीक गोल डाग दिसले. कँडिडा. रक्ताचं कल्चर प्रत्येक वेळी निर्जंतुक आलं होतं. या आजारात असं बऱ्याचदा होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पेशी खाली असताना स्कॅनमध्येही नीट दिसत नाही, त्या वर आल्या की डाग उमटतात.

महिनोन्‌महिने औषध चाललं आणि त्यासोबत केमोही चालू ठेवली. अबोली, यकृतातल्या त्या डागाबद्दल एक सांगते. मुलगी खेळायला लागली, ताप गेला, भूक आली, वजन भरलं, तरी स्कॅनमध्ये डाग होतेच. मी प्रत्येक स्कॅनच्या आधी रात्रभर जागायची. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की भरलेल्या जखमेचा वणही स्कॅनमध्ये दिसतो, काही डाग कॅल्शियम साचून कायमचे राहतात. ते आक्रसताहेत का आणि मूल कसं आहे, हे बघायचं. डाग पूर्ण पुसला जाण्याची वाट पाहिलीत तर जिवाला घोर लागून राहील.

मुलाला काय सांगायचं यावर : आम्ही नावासकट सांगितलं. 'ओल्या भिंतीवर येते तशी बुरशी तुझ्या पोटात आली आहे, औषधाने ती वाळून जाईल.' ती तेव्हा सात वर्षांची होती. तिने तिचं चित्र काढलं, हिरवं, केसाळ, आणि दर स्कॅननंतर ते आधीपेक्षा लहान काढायची.

चिमणी

नीलमोहर, तुमची लेक गोड आहे. पण माझं मत वेगळं. सहा वर्षांच्या जिवाला पोटात बुरशी आहे वगैरे सांगून रात्रीची झोप उडवायची कशाला? 'पोटाला बाऊ झालाय, औषधाने बरा होईल' एवढं पुरे नाही का? मोठं ओझं मोठ्यांनी वाहावं.

निनावी_वाचक

मी सहसा लिहीत नाही. चिमणीताई, तुमच्याशी असहमत आहे.

मी लहान असताना माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. कारण काय ते मला कोणी सांगितलं नाही, प्रेमापोटीच. सगळे माझ्यासमोर हसायचे आणि दाराबाहेर कुजबुजायचे. मी त्यातून दोन निष्कर्ष काढले : मी मरणार आहे, आणि मी धाकट्या भावाला मारलं होतं त्याची ही शिक्षा आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी कित्येक वर्षं कोणाशी बोललो नाही. त्या वयातली मुलं आजाराचा संबंध आपल्या वागण्याशी लावतात, हे मी मोठेपणी वाचलं.

त्याला बाकी काही सांगा न सांगा, 'तू काहीही केलं नाहीस म्हणून हे झालेलं नाही' हे वाक्य मुद्दाम, स्वतःहून, परत परत सांगा. तो विचारेल याची वाट बघू नका. तो विचारणार नाही.

चिमणी

निनावी, वाचून डोळे भरले. शिक्षेचा हा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता. माझं मत बदललं.

अबोली

निनावी, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. तिने त्याच रात्री त्याला ते वाक्य सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी चिखलात उडी मारली होती, तरीपण?" ती म्हणाली, "तरीपण." मग तो झोपला.

आता त्याचा नवा प्रश्न : "माझ्या पोटातली गाठ आता कुठे आहे?" याचं काय उत्तर द्यायचं?

काचपट्टी

याचं खरं उत्तर छान आहे, तेच द्या. त्याच्या गाठीचे छोटे तुकडे मेणात घट्ट बसवून, नंबर टाकून, लॅबमधल्या कपाटात ठेवलेले आहेत. असे ब्लॉक वर्षानुवर्षं सांभाळतात. तिथली बुरशी मेलेली आहे, ती बाहेर येऊ शकत नाही. डॉक्टरांना पुन्हा बघावंसं वाटलं तर कपाट उघडून बघतात.

शंकासुर

हे मलाही माहीत नव्हतं. मुलांचे प्रश्न मोठ्यांनाही शिकवून जातात.

पाऊलवाट

धागा उशिरा दिसला. अबोली, आमच्या मुलीला हाच आजार होता, हाच म्हणजे नेमका पोटातला बॅसिडिओबोलस. आम्ही तेव्हा नोकरीनिमित्त सौदी अरेबियाच्या नैऋत्येला, असीर भागात होतो. त्या पट्ट्यात हे रुग्ण त्यातल्या त्यात जास्त दिसतात, मुलांमध्येही. इराणच्या दक्षिणेकडे आणि अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनामध्येही. अ‍ॅरिझोनात १९९४ ते १९९९ या काळात सात रुग्ण सापडले तेव्हा तो मोठा शोध ठरला होता, आणि २०१२ मध्ये जगभरातले प्रसिद्ध झालेले रुग्ण एकत्र मांडले गेले तेव्हा ते ४४ भरले. त्यानंतर संख्या वाढत गेली, कारण डॉक्टर आता शोधतात.

आमच्याकडे रेडिओलॉजिस्टने हा आजार आधी पाहिलेला होता, म्हणून संशय लवकर आला. इओसिनोफिल आणि आतड्याची जाड भिंत बघूनच तो म्हणाला की ताज्या तुकड्याचं कल्चर करा. काचपट्टी म्हणतात ते शब्दशः घडलं.

औषधाबद्दल : आम्हाला सुरुवातीला अ‍ॅम्फोटेरिसिन दिलं होतं, फरक पडला नाही. या बुरशीवर ते बऱ्याचदा लागू पडत नाही. मग व्होरिकोनॅझोल. त्याचे दोन त्रास आधी माहीत असावेत. डोस घेतल्यावर थोड्या वेळाने तिला भिंतीवर रंगीत झगमग दिसायची, अर्ध्या-एक तासात जायची. आधी कळलं नसतं तर आम्ही हादरलो असतो. दुसरं, ऊन. गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे, म्हणून टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. लहान मुलांचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा भराभर संपवतं, त्यामुळे वजनाच्या हिशेबात डोस जास्त लागतो आणि पातळी मोजल्याशिवाय अंदाज येत नाही.

तुमचा मूळ प्रश्न, थांबवायचं कधी. सगळ्यांना लागू पडेल असा ठरलेला आकडा नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितला तर जरा जपून. आमच्या डॉक्टरांनी चार गोष्टी एकत्र धरल्या : मूल तब्येतीने सुधारलेलं, इओसिनोफिल आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा) नॉर्मलवर येऊन तिथेच टिकलेले, लागोपाठच्या स्कॅनमध्ये डाग नाहीसा झालेला किंवा आकाराने स्थिर, आणि यानंतरही काही महिने औषध. आमचं वर्षाहून जास्त चाललं. थांबवल्यावर तपासण्या बंद झाल्या नाहीत, उलट पहिले काही महिने त्या लवकर लवकर होत्या, कारण परत उलटण्याची भीती तेव्हा जास्त. मुलगी आता मोठी आहे, धावते, भांडते.

चुकलेल्या डोसची सगळ्यात मोठी भीती मूल बरं दिसायला लागल्यावर असते. आजारी मुलाला औषध द्यायला कोणी विसरत नाही. खेळणाऱ्या मुलाच्या वेळी विसरायला होतं.

नीलमोहर

पाऊलवाट, शेवटच्या ओळी शंभर टक्के. आम्ही भिंतीवर तक्ता लावला होता आणि खूण करायचं काम मुलीकडेच दिलं होतं. एकही डोस चुकू दिला नाही तिने.

दर्यावर्दी

पाऊलवाट यांचा प्रतिसाद वाचून एक विचारतो. तिथल्या रेडिओलॉजिस्टने ओळखलं कारण त्याने आधी बघितलं होतं. मग ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्यापर्यंत हे पोचणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेची बुरशीजन्य आजारांची यादी आहे ना?

काचपट्टी

२०२२ मध्ये आली, त्यात १९ बुरशी आहेत. बॅसिडिओबोलस त्यात नाही. म्हणून एकेक रुग्ण नीट लिहून प्रसिद्ध होणं फार मोलाचं आहे. अबोली, भाच्याच्या डॉक्टरांनी नाव-ओळख गाळून ही केस प्रसिद्ध करायची परवानगी मागितली तर घरच्यांनी विचार करावा अशी विनंती. पुढच्या मुलाच्या डॉक्टरला तेच वाचायला मिळतं.

अबोली

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय.

मात्रा, तुमच्यामुळे पातळी मोजली गेली. ती अगदी कमी निघाली. डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध बंद केलं आणि संसर्गतज्ज्ञांशी बोलून व्होरिकोनॅझोलवर आणलं आहे. पाऊलवाट, रंगीत झगमग त्यालाही दिसते. आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो तिची वाट बघतो आणि संपली की ओरडून जाहीर करतो. टोपी घालायला मात्र तयार नाही.

उत्तरायण, डीएचआर नॉर्मल आली. ब्लॉक दुसरीकडे पाठवले, तिथल्या पॅथॉलॉजिस्टनेही बॅसिडिओबोलसवरच शिक्कामोर्तब केलं. ताज्या तपासणीत इओसिनोफिल उतरायला लागले आहेत. यकृताचा स्कॅन पुढच्या महिन्यात. केस प्रसिद्ध करायला बहीण आणि भाओजी तयार आहेत.

मात्रा

फार बरं वाटलं. औषध बदललंय, तर व्होरिकोनॅझोलचीही पातळी मोजायला हवी, पहिल्या आठवड्याच्या आसपास, आणि डोस बदलला की पुन्हा. रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी काढायचं असतं, नाहीतर आकडा फसवतो. हे औषध जेवणासोबत द्यायचं नाही, तासभर आधी किंवा नंतर. आणि ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी व्होरिकोनॅझोल चालू असल्याचं सांगा, मगच नवीन औषध.

पाऊलवाट

टोपीसाठी : आमच्या मुलीने स्वतः निवडलेलीच घातली, आम्ही आणलेल्या सगळ्या कपाटात पडून राहिल्या. स्कॅनचं कळवा.